तालीम

ठाण्यातून फोन आला, रविवारी अकरानंतर येतो,
घर पाहू, माणसं पाहू.
तेव्हापासून हंसराज घराकडे
दुसऱ्याचं असल्यासारखा पाहतो आहे.

पारसची टिकल्यांची पिस्तूल तांदळाच्या डब्यात गेली.
दिवाळीपासून तीत टिकली नाही,
तरी गेली.
फाइलमध्ये राशन कार्ड, लाइट बिल, डॉक्टरचा कागद:
नजर ठीक, कान ठीक, डोकं ठीक.
डोक्याच्या रकान्यात डॉक्टरनं
वर न पाहताच खूण केली होती.

बिनबंदुकीच्या गार्डला बारा हजार.
स्वतःची डबल बार असली की एकोणीस,
आणि कॅशच्या गाडीत पुढची सीट.
हे वरचे सात हजार आमच्याकडे कधीचेच राहायला आलेत.
त्यातून पारसची ट्यूशन झाली, कूलरची नवी मोटर झाली,
वहीत.

ठवरे काकूंकडे मीच गेले, वाटीभर शेवया घेऊन.
कोणी विचारलंच तर सांगा, शांत माणूस आहे.
काकू गवार मोडत होत्या.
"भिंत एकच आहे ना पोरी आपली," एवढंच बोलल्या
आणि शिरा काढत राहिल्या.

बंदूक राहणार लोखंडी कपाटात.
कपाटाच्या डाव्या दाराला एक खळगा आहे,
मुठीएवढा.
मागच्या मे महिन्यातला. शेहेचाळीस डिग्री,
लाइट गेलेली, कूलर बंद,
आणि मी पगाराचं विचारलं होतं.
मूठ माझ्या कानाजवळून गेली.
खळग्यावर आता बँकेचं कॅलेंडर,
त्यानंच लावलेलं, चुंबकानं.
तारीख पाहायची असली की आम्ही दोघंही
मोबाइल पाहतो.

शनिवारी रात्री म्हणाला, तालीम करू.
मी हवालदार, तू तूच.
कंपनीची टोपी घातली, खुर्ची ओढली, फाइल मांडीवर.

— नाव?
— कुंदा हंसराज मेश्राम.
— इथं किती वर्षं?
— मानेवाड्यात अकरा.
— नवरा दारू पितो?
— नाही साहेब.
हे खरं आहे. पीत असता तर
सांगायला सोपं गेलं असतं.
— घरात भांडणं?

कूलर घरघरत होता, ओल्या खसचा वास.
उत्तर ठरलेलं होतं, त्यानंच पाठ करून घेतलेलं:
किरकोळ, सगळ्यांच्या घरी होतात तशी.
पण टोपीखालचा माणूस कोणी तिसराच वाटला,
आणि आजवर मला कोणी
खुर्ची ओढून विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, साहेब,
ते कॅलेंडर जरा उचलून पाहा.

हवालदार बराच वेळ उठला नाही.
पेनाचं टोपण काढलं, लावलं, काढलं.
मग हंसराजच्या आवाजात नाही
आणि साहेबाच्याही नाही,
विचारलं, पुढं?

पुढचं मी दीड वाजेपर्यंत सांगितलं.
पारस तेव्हा दिवाणखाली होता,
हे साहेबांना माहीत नव्हतं.

शेवटचा प्रश्न त्यानं टोपी हातात घेऊन विचारला:
— किल्ली कोणाजवळ राहील?
— माझ्याजवळ.
लिहिलं नाही. मान हलवली
की नुसती खाली गेली, कळलं नाही.

आज रविवार, साडेअकरा.
पोहे झालेत, तर्री वेगळी ठेवली आहे,
साहेबांना चालते की नाही, कोण जाणे.
कपाटाचं दार उघडं बोडकं, खळग्यात खिडकीचं ऊन.
कॅलेंडर कोणी काढलं, मी विचारलं नाही.
हंसराज गळ्याचं बटन लावतो, काढतो.

गल्लीत बुलेट थांबली.
टकटक झाली,
पण आमच्या दारावर नाही.
भिंतीपलीकडून ठवरे काकूंचा आवाज आला:
या ना, बसा.
आम्ही दोघांनी एकदमच
कूलर बंद करायला हात पुढे केला.