घट

निझव्याच्या बाजारात, किल्ल्याच्या सावलीला बसतो तो मी.
नाव भूपाल. अरबीत प नाही, म्हणून बूबाल.
सव्वीस वर्षं झाली; आता प लावून कोणी हाक मारली
तर मी मागं वळत नाही.

हुपरीला आमच्या गल्लीत दुधाच्या आधी घुंगरू वाजायचे.
पायांतले नव्हेत. पोत्यांतले,
टेम्पोत चढवताना ज्वारीसारखे सरकणारे.
मग यंत्रं आली,
हाताला काम विचारणारं कोणी उरलं नाही.
इथं खंजराच्या मुठीला अजून तार लागते,
जंत्रीच्या भोकाभोकांतून ओढत केसावर आणलेली.
ती मला येते. भांडवल तेवढंच.

सोनं दुबईला.
सोन्याला कशाचं काही वाटत नाही.
रुप्याला घाम कळतो,
मस्कतकडून आलेली ओली हवा कळते,
पेटीत टाकून दिलं की रुसून काळं होतं
आणि रोज अंगाला घासलं की
म्हाताऱ्या बाईच्या दारातल्या पायरीसारखं उजळत राहतं.

बुधवारी झुवैना आली, डोंगरातून, नातवाच्या पिकअपमधून.
फडक्यात आईचे तोडे.
तिच्या गावची जुनी रीत: बाई गेली की तिची चांदी आटवायची,
एकीची दुसरीनं घालायची नाही.
आमच्याकडे चार बहिणी भांडल्या असत्या,
पाचवी कोर्टात गेली असती.
इथं निवाडा मूस करते.

तोडे पोकळ. आत काहीतरी खुळखुळत होतं.
फोडून मग वजन कर, खलफान मालक म्हणाला.
करवतीनं शिवण उघडली,
अकरा खडे निघाले.
ओढ्यातले, गुळगुळीत, वाटाण्याएवढे;
आवाजासाठी कोणा कारागिरानं
कधीतरी वाकून वेचलेले.
तिच्या आईच्या प्रत्येक पावलाला ते आतून आपटत आले होते,
एकाच्या कडेला चांदी लागली होती.
एकोणीस ग्रॅम. वजा.

खड्यांचं काय करू?
झुवैना हसली. फेक. डोंगरात कमी आहेत का?

भर म्हणून तिनं तीन जुने रियाल दिले होते,
कुठल्याशा परक्या राणीच्या छापाचे.
टाकणखाराची चिमूट, आणि फुंकणी.
राणीचा आधी कान गेला, मग हनुवटी,
ती जाड मान बराच वेळ तग धरून होती.
राज्य बुडायला मिनिटं लागली अडीच.

निवताना चांदी थुंकते.
वितळताना प्यायलेला वारा शेवटी फटकन बाहेर टाकते.
आजोबा म्हणायचे, तोंड बाजूला कर, बोलू दे तिला.

घट बसली चौदा ग्रॅमची.
ती कुठं जाते, कोणी विचारत नाही:
धुरात, मुशीच्या भेगांत, माझ्या नखांत.
गावाकडे झारेकरी यायचे,
आमच्या दारातली गटाराची माती धुऊन
तिच्यातून पोटापुरतं चमकतं काढायचे.
इथं संध्याकाळी मालक स्वतः झाडतो, केर डब्यात भरतो, कुलूप लावतो.
माझ्या चपलांना लागून जाते ती तेवढी माती माझी,
आणि ती धुवायला कोणी येत नाही.

पणतीसाठी बांगड्या भरीव सांगितल्या होत्या.
मी पोकळ केल्या.
का, ते विचारू नका,
हातानं केल्या म्हणा.
एकीत पाच, एकीत सहा. डाख दिला, रेव्याची नक्षी उठवली,
चिंचेच्या पाण्यात उकळून पांढऱ्या केल्या.

शनिवारी खलफाननं काट्यावर ठेवल्या.
एकोणीस ग्रॅम जास्त.
चष्मा कपाळावर चढवून एक कानाशी धरली, हलवली.
हे काय?

खड्याला अरबीत काय म्हणतात
ते सव्वीस वर्षांत कधी लागलंच नव्हतं.
म्हणालो, आईचं.

कोणाच्या, ते त्यानं विचारलं नाही.
बिलात एकोणीस वजा केले
आणि समोरच्या पोराला दोन चहा सांगितले.