पिवळं पुस्तक

"कुठं जायलास?" म्हटलं,
तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत म्हणालास,
"युगांडा, अक्का. साखर कारखान्यात. फिटर."
जसं काय नंदगडच्या बाजाराला निघालायस.

बाही वर कर, भरमाणी.
हा डाव्या दंडावरचा खळगा माझा.
सत्तावीस वर्षांमागं, खानापूरच्या याच बाकावर
तुझ्या आईनं तोंड फिरवलं होतं
आणि तू रडायच्या आधी
माझी बांगडी धरली होतीस.
नोंदवहीत मी कन्नडात लिहिलं, भरमाणी, गंडु मगु.
शाळेनं मराठीत केलं भरमाण्णा.
पासपोर्टात इंग्रजी ए एक जास्त पडला.
तीन-तीन जण घेऊन बसणार आहेस विमानात,
तिघांनाही खिडकी पाहिजे असेल.

टायफॉईडची सुई टोचते, धनुर्वाताचीही.
काविळीची दुसरी सहा महिन्यांनी,
तिकडं विसरशील, हातावर नको, कागदावर लिही.
पीतज्वराची मात्र आमच्या फ्रीजात नाही.
तिच्यासाठी वास्कोला जायचं,
बंदराजवळच्या दवाखान्यात.
लोंढ्याला गाडी रेंगाळते, तेवढ्यात चहा पिऊन घे.
तिथं विचारतील, अंड्याचं वावडं आहे काय.
हसू नकोस.
तुमच्या घरात सोमवारी अंडं आणत नाहीत
ते वावडं नव्हे.

परत आलास तो खिशात पिवळं पुस्तक.
हळदीच्या पुडीसारखं दोन बोटांत धरलेलं.
आत पानं सगळी कोरी,
एकावर शिक्का, कुणाची तरी घाईतली सही.
"एवढ्याला दोन दिवस मोडले," म्हणालास,
"विमानतळावर खरंच बघतात काय हे?"

मी कापसाचा डबा पुसत राहिले.

त्या वर्षी, कोरोनाच्या, कोगनोळीच्या नाक्यावर
माझ्याकडं कागद नव्हता.
कोल्हापुरातनं औषध घेऊन निघाले होते,
थोरली बेळगावात ऑक्सिजनवर.
मांडीवर बर्फाचा डबा.
नर्स आहे म्हणून सांगितलं,
आधी कन्नडात, मग मराठीत, मग नुसतं हातानं.
पोलीस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली,
पाणी दिलं. रिपोर्ट द्या म्हणाला.
हजार जणांच्या नाकात काडी घातलेली मी,
माझ्या एकटीच्याच नाकाचं राहून गेलं होतं.
बर्फ वितळायला किती वेळ लागतो
ते मला पाठ आहे.

म्हणून बघतात, भरमाणी.
बघतात असंच धरून चाल.
पुस्तक पासपोर्टातच ठेव, पेटीत नको.
त्यातली स्पेलिंग आणि यातली स्पेलिंग
माझ्यासमोर ताडून बघ. आत्ता.
बघ. तो जादाचा ए.

मलेरियाची गोळी सांगितलेल्या वारालाच,
पोट भरल्यावर.
पाणी उकळून. मच्छरदाणी तुमच्या खाटेची ने,
तिची भोकं मी ओळखते, तुझ्या आईला शिवायला सांगते.
आणि ताप आला तर "उन्हाचा असेल" म्हणू नकोस.
जांबोटीच्या रानात माकडं मेली
तेव्हा तुझ्या काकानं तेच म्हटलं होतं,
गोचीड काखेत होती.
तिकडंही म्हणे हा ताप रानातल्या माकडांकडनंच येतो.
म्हणजे अगदीच परका मुलूख नव्हे.

दंड दुखायलाय म्हणालास. दुखू दे.
सुई टोचली म्हणजे झालं असं नसतं,
दहा दिवस लागतात अंगाला शिकायला.
त्याच्या आत गेलास तर पुस्तक खोटं ठरतं.

आज गुरुवार, लसीकरणाचा दिवस.
बाकावर अकरा आया, बारा पोरं, एकीची जुळी.
सकाळी फ्रीजचं तापमान लिहिलं, चार.
संध्याकाळचंही चारच येईल.
रकान्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, दहावा दिवस.
मोठे साहेब तपासणीला आले तर विचारतील
हे काय म्हणून,
मग खोडलं.
खोडलेलं दिसतंय अजून.