मृत साठा

एकतीस वर्षं मी या धरणाला
दर सोमवारी भेटत होतो,
त्र्यंबक नाक्याजवळच्या कचेरीत,
तक्त्याच्या सातव्या ओळीत.
जिवंत साठा. मृत साठा. गाळ.
शेवटचा रकाना शेऱ्याचा.
त्यात मी लिहायचो: निरंक.

प्रत्यक्षात कधी आलो नव्हतो.
आलो तो निवृत्तीच्या दुसऱ्या पौषात,
निफाडचा पारा चारवर,
भाच्याच्या स्कूटरवर मागे, कानटोपी हनुवटीपर्यंत.
दोन्ही अंगांना द्राक्षबागांतून धूर,
रात्रभर कुणी घडांना शेक देत बसलेलं.
आणि टोपीच्या आत अजूनही
जुन्या साहेबांचा आवाज:
"नांदूरमध्यमेश्वर ना? गाळानं भरलंय हो.
कामातून गेलेलं धरण."

चापडगावच्या नाक्यावर गाइड भेटली,
प्रमिला चारोस्कर, खांद्याला दुर्बीण,
माझ्या बुटांकडे बघत म्हणाली,
"पॉलिश करून आलात होय?"

बांधावरची पायवाट. बाभळी.
मग पाणकणसं, माणसाहून उंच,
आणि त्यांच्यामागे
जमीन म्हणावी तर हलते,
पाणी म्हणावं तर त्यावर पाखरं चालतात.
गोदावरी कुठली, कादवा कुठली,
मला सांगता येईना.
कागदावर त्या निळ्या शाईच्या दोन स्वच्छ रेघा होत्या.

"गाळ किती खोल असेल?" मी विचारलं. सवयीनं.
तिनं काठी खुपसली. काठी गेली, गेली,
मूठ तेवढी वर राहिली.
"एवढा," ती म्हणाली. "ह्याच्यातच सगळ्यांचं जेवण."

शेकाट्या उभा होता,
लाल पेन्सिलीएवढ्या पायांवर.
चमच्यांची रांग चोच पाण्यात घालून
डावीकडे, उजवीकडे, डावीकडे,
बेरीज जुळत नसल्यासारखी.
एक जांभळी पाणकोंबडी
देठ एका पायात धरून सोलत होती,
आम्ही आल्याचं तिला काहीच नव्हतं.

मनोऱ्याच्या जिन्यात मी दोनदा थांबलो.
वर गेल्यावर तिनं वही माझ्या हातात दिली.
"अक्षर चांगलं असेल तुमचं. मी मोजते, तुम्ही लिहा."
जाती, संख्या, वेळ, शेरा.
रकाने बघून बोटं आपोआप सरळ झाली.

थापट्या: एकशे दहा.
तलवार बदक: चाळीस.
चक्रांग: दोनशे, दोनशे वीस, दोनशे...
तेवढ्यात दलदली भोवत्याची सावली फिरली
आणि अख्खं पाणी उठलं.
आवाज असा, की शंभर बाया
एकदम ओली चादर झटकतायत.
माझी टोपी मागे सरकली. थंडी थेट कानात.
पाखरं वळली, पांढरी झाली, वळली, काळी झाली,
नदीच्या वर आणखी एक नदी
आपलं पात्र ठरवत होती.

"आता?" मी म्हणालो. पेन थांबलेलं.
"लिहा अंदाजे."
मी तिला सांगितलं नाही,
की एकतीस वर्षांत कितीदा
पाऊस म्हणून फोन लागला नाही,
आणि मागल्या सोमवारचा आकडा
थोडा वाढवून मी अंदाजेच लिहिला.
नुसतं अंदाजे लिहिलं नाही कधी.
अंदाजे, मी लिहिलं. अक्षर हललं.

खाली ती थर्मासमधून चहा ओतत होती,
भाचा स्कूटरपाशी मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता.
पाखरं परतू लागली होती,
एकेक, मग दहा-दहा,
त्याच गाळावर,
ज्याच्यापुढे मी वर्षानुवर्षं
दशलक्ष घनफुटांत नुकसान मांडलं होतं.

वही परत द्यायची होती.
शेऱ्याचा रकाना कोरा.
पेन टेकवलं, 'नि' काढला,
आणि मग तो खोडला,
आयुष्यात पहिल्यांदा, वर सही न करता.
"काय झालं काका?"
"काही नाही," म्हणालो, "चहा दे.
आणि ती कोण गं, तिकडे, एकटीच बसलेली?"