दारफळणी

उन्हं अजून माडांच्या शेंड्यांवर,
तोच रेवदंड्यात एका घराला अडसर लागतो.
पांढरा सदरा, अनवाणी पाय.
उद्या तारे दिसेतो पाण्याचा घोट नाही,
परक्याशी शब्द नाही.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात.
सात अश्दोदला, दोघे चिंचेखाली मातीत,
दहावा मी,
मोजायला.

ठमाबाय उद्या आळीत ओरडणार नाही,
पाटी बंदरावरून वळवून नेईल.
सासूनं सांगून ठेवलंय तिला,
त्या दिवशी त्यांचे पितर घरात असतात,
मासळीचा वास नको.

शिळ्या सणाला मात्र कडी वाजवेल.
"गेली का रं एलोजी, सगली?"
गेली, म्हणेन.
ती पाटी उतरवेल. केळीच्या पानाखाली
माझ्यापुरती वेगळी काढलेली
खवल्यांची मासळी.