सोल म्हणजे डावीकडे

फोन जुना, अशोक चौकातल्या दुकानातून घेतलेला,
आणि त्यातला गेम आधीच्या मालकाचा.
किल्ल्याचं दार, बर्फ, चौघांची टोळी,
आणि सगळ्या पाट्या तुर्की.
भाषा बदलायची सोय कुठेतरी असणारच,
पण तीही तुर्कीतच लिहिलेली.

पहिल्या रात्री एकच शब्द शिकले: एवेत.
कसा, तर तलवार विकून.
एमिन मिसिन? असं काहीतरी त्यानं विचारलं,
मी हिरवं बटण दाबलं
आणि रिकाम्या हातानं बर्फात उभी राहिले.
एवेत म्हणजे हो.
त्यानंतर कुणालाच पटकन हो म्हटलेलं नाही.

विडी घरकुलात, मे महिन्यात, रात्री अकराला
पत्रा तापलेलाच असतो.
आईच्या सुपात पानं, मांडीवर कातर,
हजार भरायला अजून पावणेदोनशे विड्या,
आणि मी बर्फात.
बेकल: थांब. जेल: ये. काक: पळ.
पळ हा शब्द मी सहा वेळा मेल्यावर शिकले.
साग म्हणजे उजवीकडे, सोल म्हणजे डावीकडे.
म्हणजे आपलं गाव डाव्या अंगाचं, मी आईला सांगितलं.
आई तेलुगूत म्हणाली,
मग तूही डावीकडे सरक, पंख्याला आडवी येतेस.

तेलुगू घरात, मराठी शाळेत,
कानडी अक्कलकोटच्या भाजीवालीशी,
शेजारच्या मेहरुन्निसा चाचीशी तिची दखनी.
या चार मला कुणी शिकवल्या नव्हत्या,
तोंडात आल्या, घासासारख्या.
पाचवी मुकी होती.
नुसती अक्षरं. त्यांना मी आवाज दिला
स्पेलिंगवरून, मनाला येईल तो.

लाल पट्टी संपत आली की पडद्यावर यायचं
सी, ए, एन. मी वाचायची कॅन.
टोळीतल्या एकीच्या नावातही तेच होतं,
तिला मी नुरकॅन म्हणायची.
माझं वाक्य चुकलं की ती नीट करून परत पाठवायची,
काही न बोलता,
तुटलेल्या धाग्याला जॉबर गाठ मारून जातो तसं.

एकदा विचारलं, तुमच्या गावात काय बनतं?
हाव्लू, तिनं लिहिलं.
शोधलं तर टॉवेल.
मी वळून दोरीकडे पाहिलं.
तिची आई गिरणीत, माझे नान्ना मागावर.
दोन्ही गावं लोकांचं अंग पुसणारी,
आणि आम्ही दोघी इथे, दाराशी,
कुणाच्या तरी किल्ल्याची राखण करत.

दोन वर्षांनी तिनं माइक चालू केला.
घोगरा आवाज, सर्दी झालेला.
मला एक शब्द कळेना.
जेल नव्हतंच, गेल होतं. काक नव्हे, काच.
सागमधला ग तर कुणीच उच्चारत नव्हतं.
आणि ती ओरडत होती, जान योक! जान योक!
जान नाही.

म्हणजे ते कॅन नव्हतं कधी.
मेहरुन्निसा चाची जिना चढून आल्यावर
कठड्याला टेकून म्हणते, तोच शब्द,
आणि मी दोन वर्षं त्याला पत्र्याचा डबा समजत होते.
ती नूरजान होती.
आमच्या गल्लीत हाक मारली
तर दोन-तीन दारं उघडतील असं नाव.

मीही माइक दाबला. घसा कोरडा.
जान योक, नूरजान, माझीपण, जान योक.

नान्ना दुसऱ्या पाळीहून येऊन दारात उभे होते.
तीस वर्षांच्या खटखटाटानं त्यांचे कान नेले.
मागावर सगळेच ओठ वाचतात,
ते आता घरातही वाचतात.
माझ्या तोंडाकडे पाहिलं,
आणि मला जे इतके दिवस कळलं नव्हतं
ते उंबऱ्यावरून वाचलं.
जान नाही? काय होतंय तुला?
चप्पल न काढता आत गेले,
पाचव्या दिवशी आलेल्या पाण्याचा
तांब्या भरून घेऊन आले.

मी पाणी मागितलं नव्हतं.
सगळं प्यायले.
फोनमध्ये नूरजान विचारत होती, नेरदेसिन,
कुठे आहेस, कुठे आहेस.
दोरीवरच्या हाव्लूनं तोंड पुसलं
आणि सांगितलं,
सोलदायम.