तात्पुरता क्रमांक

भुसावळच्या रेकॉर्ड रूममध्ये
मे महिन्यात पंखा फक्त धूळ हलवतो.
सत्तेचाळीस डिग्री. मी लाल फडक्यातलं
जी.आय.पी.च्या काळातलं बाड सोडतो
आणि शिंकतो. माझं रोजचं काम,
मेलेल्यांची हजेरी शोधून देणं.

समोर हितेंद्र, चोपड्याकडचा.
मेडिकलची जागा हातात, पडताळणी अडकलेली.
समितीला खापरपणजोबाचा कागद पाहिजे,
पन्नासच्या आधीचा, जातीसकट.
"उखर्डू सोनू," तो सांगतो, "बरफवर व्हता म्हने."

बर्फावर.
म्हणजे भुश्यातून काढलेल्या लाद्या
फर्स्ट क्लासच्या डब्यात ठेवणारा,
साहेब नागपूरपर्यंत गार राहावा म्हणून.

काल रात्री तेजलचा फोन होता. माझी भाची,
पुण्याला आकाशाचं काहीतरी शिकते.
मामा, म्हणाली, एक सापडलंय,
नेपच्यूनच्या पार, बर्फाळ. कदाचित बटुग्रह.
कदाचित तेही नाही.
गोल असेल तर पात्र. पण इतक्या लांबून
गोल की वेडंवाकडं, कसं कळणार? ठिपकाच तो.
रुंदी साधारण सातशे किलोमीटर.
मी मनात मोजलं: एक टोक सुरतेला धरलं
तर भुसावळवरून दुसरं थेट नागपूरला.
नंदुरबार, अमळनेर, जळगाव, सगळी स्टेशनं त्याच्या पोटात.
आणि नाव?
नाव नाही अजून, मामा. साल, दोन अक्षरं, आकडे.

टेम्पररी खलाशांना आमच्याकडे असाच नंबर असायचा.

त्याच्यासाठी कुणी दुर्बीण रोखली नव्हती.
दुसऱ्याच कामाचे जुने फोटो,
सात वर्षांत विखुरलेले, एकोणीस.
प्रत्येकात एक ठिपका, आदल्याहून जरासा सरकलेला.
कुणीतरी बसून ठिपके जोडले
तेव्हा कळलं, हा चालतोय.

मी पण हेच करतो गं. पगार कमी, एवढंच.

हा बघा, सापडला. एकोणतीस सालचा मार्च, अंगठा.
एप्रिल गैरहजर.
मे, अंगठा, आणि चार आणे दंड: "लादी फोडली."
जूननंतर बर्फ बंद, माणूस बंद.
मग पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा, वेगळ्या बाडात,
तोच अंगठा, कडेला तीच चीर.
साल एकोणीसशे तीस.

तीस म्हटल्यावर माझा हात थांबतो.
त्याच साली तो सूर्याच्या सगळ्यात जवळ होता,
तेजल म्हणाली होती.
एका फेरीला पंचवीस हजार वर्षं,
आणि जवळ म्हणजे तरी कुठे, प्लूटोच्या वस्तीपर्यंत.
त्या साली जगाला प्लूटो सापडला,
नवव्या जागी कायम केला.
(पुढे त्यालाही खाली उतरवलं, ते वेगळं.)
हा मुकाट वळला आणि परत निघाला,
कुणाच्याच मस्टरवर न चढता.

पंजाब मेल सुटल्यावरचा फलाट.
उखर्डूच्या खांद्यावर गोणपाट, त्यावर उरलेली लादी,
मानेवरून पाठीत उतरणारं पाणी.
वर पाहायला मान मोकळी नाही.

"नाव ते शे ना, आबा?"

नाव आहे. बापाचं नाव आहे. गावही आहे.
जातीच्या रकान्यात पाण्याचा डाग.
छत गळलं असेल, किंवा त्याच्याच हाताचं
ओलं उतरलं असेल, कोण सांगणार.
शाई फुटून पसरलेली,
मी बाड खिडकीपाशी नेतो, चष्मा वर करतो,
गोल. म्हणजे जवळजवळ गोल.

पोरगं माझ्या तोंडाकडे बघतंय.
मी झेरॉक्स काढतो, शिक्का मारतो,
मूळ प्रतीबरहुकूम,
डागासकट.

तीस रुपये. पावती घे.
माठातलं पाणी पिऊन जा,
चोपड्याची बस सव्वापाचला आहे.