नक्कल

म्हापशात, चणेकारांच्या ओळीमागं,
साडेतीनशे रुपयांत राजा मिळतो.
तलवार वेगळी. दाढी हवी तर डिंक तुमचा.

दिवाळी सरली की गावं यायला लागतात,
पालयें, नार्वें, मये, शिरगाव,
जत्रेचं नाटक, हातात यादी:
राजे दोन, प्रधान एक, कैदी चार,
"आनी एक बायल, पूण उंच."
मी टेप काढते. कमरेला माप असतं,
बाकीचं त्यांचं ते बघून घेतात.

कदंबचा कंडक्टर रोहिदास पर्येकर
एकवीस वर्षं माझ्याकडून मुकुट नेतो.
सिंहासनावर त्याची मराठी
इस्त्रीतून काढल्यासारखी,
आणि विंगेत पाय पडला की
"उदक हाड रे, गळो सुकलो."
सोमवारी साखळीच्या गाडीत तिकीट फाडताना
पापणीच्या कडेला काजळ उरलेलं असतं;
सुट्टे नसणाऱ्याकडं तो अजून
कारागृहात टाकल्यासारखा बघतो.

कपडे परत आले की मी आधी खिसे चाचपते.
विडीचं थोटूक, खाज्याचा चुरा,
आणि चार घड्या घातलेली नक्कल:
एकट्याचीच वाक्यं,
समोरचा काय म्हणतो
त्याचे शेवटचे दोनच शब्द.
रात्री दुकान लावून वाचते कधी.
माणसाच्या हाती एवढंच येतं,
असं आमचे हे म्हणायचे.
ते पेटीमास्तर. त्यांना कुठं काय पाठ करायचं होतं!

मग एका वर्षी दुसरीच नक्कल लागली,
माझ्या जन्माची.
मुलगा म्हणाला, आई, तू एकसष्टच्या आधीची,
म्हणजे कागदावर तू त्यांची,
आणि तू त्यांची, तर मीही.
पणजीत जुन्या रजिस्टरात मला शोधलं.
सुशीला लिहिताना 'श'च्या जागी फुली होती.
खोडलंय का, मी विचारलं.
कारकून हसला, बाई, तो त्यांचा 'श'.
ती फुली लिस्बनला गेली
आणि बासष्टाव्या वर्षी मी तिथं जन्मले,
सावंतवाडीच्या पलीकडं कधी न गेलेली.
पोरगा आता स्विंडनच्या गोदामात खोकी मोजतो.

मागल्या मार्चात सिनेमावाले आले.
अंत्ययात्रेसाठी जुने कोट हवे होते, काळे झगे हवे होते.
एक बाई कमी पडली, तुम्हीच या म्हणाले.
हळदोण्याच्या चर्चसमोर मी,
डोक्यावर जाळी, हातात मेणबत्ती.
"नाव?" वही घेतलेल्या मुलीनं विचारलं.
मी सांगितलं.
"ते नाही, यातलं."
यातलं कुणी ठरवलंच नव्हतं.

रडा म्हणाले. कोण गेलंय ते सांगितलं नाही.
हे गेले तेव्हा ऐन जत्रांचे दिवस,
वीस मुकुट यायचे बाकी होते;
तेव्हाचं काही राहिलं असावं.
कट म्हटल्यावरही ते चालूच राहिलं.
एका पोरानं पाण्याची बाटली आणून दिली,
टोपण उघडून.

काल स्विंडनहून फोटो आला,
पडदा थांबवून काढलेला.
कोट, छत्र्या, शवपेटी,
आणि कोपऱ्यात, चौकटीबाहेरून आत आलेला
मेणबत्ती धरलेला एक हात.
बोटावर अंगुस्तानाचा खड्डा.
खाली लिहिलंय:
आई, हो हात तुजो न्हय?

मी हात दिव्याखाली धरला, ताडून पाहिला.
मग दुसरा.
तेवढ्यात दारात रोहिदास,
मुकुट कोरडाच परत घेऊन.
"यंदा प्रधान करता हांव. वय जालें."
फोन गल्ल्यावर उघडाच आहे.
मी टेप घेते,
पगडीसाठी त्याचं डोकं
नव्यानं मोजते.